दर्यावरून दिसणारं चर्च

उरणजवळच्या एका गावातल्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीवर मी देखरेखीला होतो. जाड दगडी भिंती, कौलारू छप्पर आणि समुद्राकडे तोंड केलेली उंच दर्शनी भिंत. एक म्हातारा कोळी रोज यायचा, चपला आवाराबाहेर काढायचा आणि त्या भिंतीवरून हात फिरवत उभा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

भिंतीला पिवळा रंग द्यायचं ठरलं, तेव्हा तो थेट फादरांपुढे गेला.

"फादर, पांढराच द्या. दर्यावरून आमी हिलाच बघून घरी येतो."

"बाबा, आता बोटीवर जीपीएस असतं ना?" मी म्हणालो.

"हाय ना. वादळात बंद परला, तवा हीच दिसली. देव तुमचा, पन वाट आमची हाय."

फादर हसले आणि पिवळे डबे परत गेले.

चुना लागला त्या संध्याकाळी त्याने मला होडीतून बाहेर नेलं. बंदराच्या क्रेनपलीकडे चर्च उन्हात पांढरंशुभ्र दिसत होतं. एक बोट सरळ त्याच्या रोखाने किनाऱ्याकडे निघाली होती. सुकाणूवरच्या माणसाने हात हलवला.

"थोरला माझा," म्हातारा म्हणाला आणि त्यानेही हात उंचावला.