निळं फडकं

"त्याचं फडकं वेगळ्या खिळ्याला टांग. आमच्यात मिसळू नको."

सुधीर हे शेडमधल्या पोऱ्याला, गणपतला म्हणाला. ओरडून नाही. चहात साखर कमी घाल म्हणावं, तितक्या सहज. मी प्लायवुडच्या पार्टिशनमागे गुणांचा तक्ता आखत बसले होते. पट्टी हलली. रेघ वाकडी गेली. मी ती खोडली आणि पुन्हा आखली.

त्या दिवशी मी एवढंच केलं.

ज्याचं फडकं वेगळं टांगायचं होतं तो सदा. माझा धाकटा भाऊ. आणि हे त्या शेडमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

स्पीडवे हा विलायती खेळ. राखेची लंबगोल वाट, ब्रेक नसलेल्या मोटरसायकली. एका हीटला चार गडी, चार चकरा. वळणावर मागचं चाक आडवं घसरवत, डावा पाय राखेत टेकवत जायचं. त्या बुटाला लोखंडी पत्रा ठोकलेला. राख इतकी उडते की कोण कुठला ते कळत नाही, म्हणून हेल्मेटवर रंगीत कापडी खोळ चढवतात. घरच्या क्लबाचे दोघे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. हीट संपली की खोळ काढायची आणि पुढच्याला द्यायची. एकाच्या घामाची दुसऱ्याच्या डोक्यावर. खोळीला सगळे फडकं म्हणत.

ती फडकी मी शिवली होती. चार रंगांची दोन-दोन, आठ. सदासाठी एक लाल वेगळं काढलं तेव्हा त्यांना लाल कमी पडलं. ते नववंही मीच शिवून दिलं.

घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे, मिठागरांच्या कडेला क्लबाची जागा होती. सेक्रेटरी साहेबांच्या घरची. साहेब इंजिनिअर व्हायला लंडनला गेले होते. येताना डिग्रीबरोबर हा नाद घेऊन आले, आणि नियमांचं एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. तिकडे क्लब कसे चालतात, हे त्यांचं पालुपद. तिकडे सात जणांचा संघ असतो. तिकडे नव्या पोरांना सामना संपल्यावर छोट्या शर्यतीत पारखतात. चांगला निघाला की राखीव करतात. आणि एकदा नाव क्लबाच्या यादीत चढलं की क्लबाच्या पत्राशिवाय त्याला दुसरा कुणी घेऊ शकत नाही. क्लब त्याला पळवो की न पळवो.

पुस्तकाच्या प्रती मी टाइप केल्या. मिशनच्या शाळेत शिकले होते, इंग्रजी चांगलं होतं, म्हणून तर ही नोकरी. टाइप करताना वाटायचं, किती न्यायाचं आहे हे सगळं. गडी कुणाचा मुलगा, हे एकाही कलमात विचारलेलं नव्हतं.

शाळेत घालताना मदरनं माझ्या नावापुढे बाबांच्या गावाचं नाव लावलं. रत्नागिरीकडचं, कुणालाही शोभेल असं. सदा म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेला, चौथीत सुटला. त्याच्या दाखल्यावर जुनं आडनाव होतं आणि शेजारी लिहिलं होतं, महार. दोन भावंडं, दोन कागद. मी साहेबांशी फक्त इंग्रजीत बोलायची. इंग्रजीला जात विचारत नाहीत. मी त्या भाषेत लपले होते.

बाबा रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनाखालची राख उपसायचे. तीच राख ट्रकानं क्लबावर येई. साहेब मुठीत घेऊन पाहुण्यांना दाखवत, तिकडच्यापेक्षा सरस आहे म्हणून.

सदा मुलुंडच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता. क्लबाच्या गाड्या दुरुस्त करायला यायचा. एकदा गाडी तपासायला म्हणून दोन चकरा मारून आला. साहेबांनी घड्याळ लावलं होतं. त्याच आठवड्यात सदाचं नाव यादीत चढलं. पाहुणे आले की साहेब त्याला बोलावून उभा करत. "रॉ टॅलेंट," म्हणत. विकत घेतलेल्या कुत्र्याच्या दातांबद्दल बोलावं तसं. संघात मात्र एकदाही घेतलं नाही. दोन वर्षं सामना संपल्यावरच्या छोट्या शर्यती, उरलेल्या गाडीवर, उठून चाललेल्या लोकांसमोर.

मग पुण्याच्या क्लबाचं पत्र आलं. सदाला आम्हाला द्या, पहिल्या सातांत घेतो. पत्र मी फोडलं. उत्तर साहेबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: गडी उपलब्ध नाही. त्यांना तो नको होता. दुसऱ्याला मिळायला नको, एवढंच हवं होतं.

घरी सदाला सांगितलं तेव्हा तो नखांतलं ग्रीस काढत होता. मग म्हणाला, "पुण्यावाल्यांनी एकदा मला पळताना बघितलं ना ताई, तर भांडून नेतील."

बोलणं झालं की तो थट्टेवर यायचा. मिठागराच्या बांधावरून आम्ही वेगवेगळे घरी जायचो. मी पुढे, तो शंभर पावलं मागे. कुणी आसपास नसलं की जवळून जाताना म्हणायचा, "गुड ईव्हनिंग, मिस." फडकी धुवायला मी दर रविवारी घरी न्यायची. आई ती आमच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. सदा बादलीत डोकावून म्हणायचा, "बघ गं, सुधीरसाहेबांचं डोकं माझ्या बनियनशी फुगडी खेळतंय." आई हसायची. मीही.

सुधीर हा साहेबांचा भाचा. क्लबाचा पहिला गडी. त्याची गाडी त्याची स्वतःची.

शेवटचा सामना पुण्याशी होता. चारचं ऊन. जळक्या एरंडेलाचा वास. ते तेल इंजिनात घालतात. तीन हीट उरल्या असताना आमच्या एकाची हासळी मोडली. त्याला हेल्मेटसकट गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. हेल्मेटवर निळं फडकं होतं, तेही गेलं. आता निळं एकच उरलं.

नियम साफ होता. गडी जायबंदी झाला की राखीवानं पळायचं. साहेबांनी पुस्तक काढलं. पान उघडलं. मिटलं. दोन राखीवांपैकी एक आधीच पडून बसला होता. दुसरा सदा, आजवर फक्त कागदावरचा राखीव. पुण्याचे मॅनेजर कमरेवर हात ठेवून समोर उभे होते.

पुढच्या हीटला लाल सुधीर, निळा सदा. आपल्याच संघाची जोडी.

घंटा झाली. घंटेपासून दोन मिनिटांत फडकं चढवून सुरुवातीच्या फितीपाशी उभं राहायचं, नाहीतर बाद. सदाच्या खिळ्याला फक्त लाल होतं. निळं गणपतच्या हातात, थोड्या वेळापूर्वी एकाच्या डोक्यावरून उतरलेलं, ओलं. गणपत सदाकडे बघेना. सुधीरकडे बघत उभा राहिला. सुधीर हातमोजे घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

मिनिट गेलं. शेडच्या तोंडाशी माझं टेबल होतं, पुढ्यात घड्याळ.

सदानं हात पुढे केला आणि गणपतच्या मुठीतून फडकं ओढून घेतलं. डोक्यावर चढवलं. नाड्या बांधल्या. गाडी ढकलत निघाला.

सुधीरनं ते पाहिलं. मी सुधीरला पाहिलं.

तक्त्यावर मी लिहिलं: निळा, सदाशिव.

फीत उडाली आणि सदा सगळ्यांच्या पुढे निघाला. पहिलं वळण त्यानं असं घेतलं की पुण्याच्या मॅनेजरांचे हात कमरेवरून खाली आले. दुसऱ्या चकरेला सुधीर त्याच्या मागे आला. अशा वेळी जोडीदाराचं काम मागच्या दोघांना अडवून धरायचं. सुधीर आतल्या बाजूनं आला. वळण आलं. तो वळला नाही. सरळ गेला. त्याचं हँडल सदाच्या गुडघ्यात शिरलं आणि दोघं कुंपणावर आदळले. सुधीरनं गाडी सोडून लोळण घेतली. सदा गाडी आणि फळ्या यांच्या मधे राहिला. खोक्याची फळी उचकटावी तसा आवाज झाला. मला वाटलं कुंपण मोडलं. कुंपण शाबूत होतं.

रेफरीच्या खोपीवर चार रंगांचे चार दिवे होते. बाद झालेल्याचा दिवा लागायचा. रेफरी डिमेलो म्हणून एक निवृत्त फोरमन होते. त्यांनी लाल दिवा लावला. मी शाईनं लिहिलं: लाल बाद, निळ्यावर चाल करून गेल्याबद्दल.

सुधीर उठला. त्याचे दोन मित्र धावत गेले. मला वाटलं गाडी उचलायला. त्यांनी गाडी उचलली आणि बाजूला टाकली. मग सुधीरनं डावा पाय मागे घेतला.

लोखंडी पत्र्याचा बूट.

"आमच्या डोक्यावरचं घालतोस?"

बरगडीत.

"आमच्या डोक्यावरचं?"

तोंडावर. सदाचा पाय गुडघ्याखाली उलटा वळलेला होता. त्याला सरकताही येत नव्हतं. हात चेहऱ्यापुढे धरले तर एकानं ते धरून बाजूला केले. तिघं मारत होते, एका मोडलेल्या माणसाला. लोक उठून उभे राहिले. नीट दिसावं म्हणून. पुण्याचे मॅनेजर जागचे हलले नाहीत. वर लाल दिवा जळत होता.

मग सुधीरनं सदाच्या हेल्मेटवरचं फडकं उपसलं. नाडीबरोबर हनुवटीची कातडी गेली. पिटमध्ये, गाड्या उभ्या असतात तिथे, येऊन त्यानं ते इंधनाच्या डब्यात बुडवलं, राखेवर फेकलं आणि काडी लावली. त्या गाड्या मिथेनॉलवर चालतात. त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही. मला आग दिसलीच नाही. फडकं नुसतं निळ्याचं तपकिरी होत गेलं, मग काळं, मग आखडलं. मी घातलेली टीप शेवटपर्यंत दिसत होती.

सदा माझ्याकडे बघत होता. तोंडात रक्त आणि राख. त्यानं मान हलवली. अगदी थोडी. नको. तू यातून बाहेर आहेस तोवर तुझा कागद टिकेल, असं त्याला म्हणायचं असेल. किंवा नोकरी जाईल असं. किंवा नुसतंच, नको.

मी उठले नाही. माझा भाऊ तीस पावलांवर मार खात होता आणि मी टाक हातात धरून बसले होते, पाठ ताठ, मिशनमध्ये शिकवतात तशी. हे मी कुणापासून लपवणार नाही. त्यांनी सदाचं फडकं वेगळ्या खिळ्याला टांगलं होतं. मी तर अख्खा सदाच वेगळ्या खिळ्याला टांगला होता.

गणपतनं आणि दोन मेकॅनिकांनी त्याला उचलून राखेच्या ट्रकात घातलं. ट्रक इस्पितळाकडे गेला. सामना पुढे चालू झाला.

सहा वाजता साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. सुधीर होता, त्याचे मित्र होते, हेल्मेटं काखेत, फडकी तशीच चढवलेली. डिमेलो खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. लाल दिवा विझलेला होता.

साहेब इंग्रजीत, शांतपणे सांगू लागले. रेफरींना धुळीत नीट दिसलं नाही. त्यांचा पुनर्विचार झाला आहे. निळ्यानं धोकादायक रीतीनं गाडी चालवली. तक्त्याचं ते पान नव्यानं लिहायचं. सगळ्या क्लबांना पत्र टाइप करायचं: गडी निलंबित, नाव मात्र आमच्याच यादीत कायम. मला पुस्तक पाठ होतं. याचा अर्थ पाय सांधला तरी सदा कुठेच पळणार नाही. इथे नाही, पुण्याला नाही. मारणाऱ्याचं नाव कुठेच येणार नव्हतं.

मी डिमेलोंकडे पाहिलं. ते काचेवर फुंकर मारत होते.

मी तक्ता मिटून छातीशी धरला. म्हटलं, नाही. इंग्रजीतच म्हटलं. आवाज इतका बारीक की साहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. जे घडलं ते घडलं तेव्हाच शाईनं लिहिलं आहे, ते बदलणार नाही.

साहेब हसले. मग हसू गेलं. मग इंग्रजीही गेलं. दोन वर्षं मी त्यांची 'मिस' होते.

"फाड ते पान. एका महारड्यासाठी तुला एवढा पुळका कसला? तो तुझा कोण लागतो गं?"

सुधीर फिसकन हसला. कोण लागत असेल ते मित्राच्या कानात सांगितलं. मित्रही हसला.

सदाच्या हनुवटीची कातडी आठवली. आईची बादली आठवली. मग घरी बोलते त्या मराठीत, चाळीच्या नळावर बोलतात त्या आवाजात, मी म्हणाले,

"भाऊ लागतो. सख्खा. त्याची जी जात तीच माझी. तुमच्या काखेतली ती फडकी मी शिवली आहेत, दर रविवारी आमच्या बादलीत, त्याच्या बनियनबरोबर धुतली आहेत. काय काय जाळायचं ते जाळा. हे पान मी फाडणार नाही. आत्ता हे घेऊन पोलीस चौकीवर चालले आहे, आणि तिथे विचारलं की मी पहिलं माझं नाव सांगणार आहे. माझं जुनं नाव."