हेडफोनवरचं कुंकू

शेवंती आणि कुंकवाचा वास एकत्र आला की मंडी मोहल्ल्यातली आमची एकुलती एक खोली आठवते. तिथेच स्वयंपाक, तिथेच अप्पांचं शिलाई मशीन आणि त्याच्या खडखडाटात माझा अभ्यास. घरातली कॉलेज शिकलेली पहिली मीच, आणि त्याचा मला ताठाही होता. पहिल्या नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होती, म्हणून अप्पांनी वायरलेस हेडफोन आणून दिला. दोन दिवस आधी दसऱ्याची आयुधपूजा झाली, तेव्हा कात्री आणि मशीनच्या शेजारी त्यांनी तोही मांडला आणि त्याला कुंकू लावलं. मुलाखतीला दहा मिनिटं उरली तरी हेडफोन लॅपटॉपला जोडला जाईना. दोनदा बंद करून चालू केला. मग ते कुंकू दिसलं आणि मी ओरडले, "अप्पा, ही काय कात्री आहे? आत कुंकू गेलं, बिघडला! कळत नाही तर हात कशाला लावता?" "चुकलं गं," म्हणत ते सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. पुसून झाल्यावर मी तो पुन्हा कानाला लावला, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला आणि घंटी थेट कानात वाजली. हेडफोन माझ्याच फोनला जोडलेला होता! मी गुपचूप फोनचं ब्लूटूथ बंद केलं, तसा तो लॅपटॉपला लगेच जोडला गेला. "आयतु? झालं?" त्यांनी दारातून कानडी-मराठीत विचारलं. मी नुसती मान हलवली. नोकरी मिळाली, हूटगळ्ळीत घर झालं, मशीनला खिडकीजवळची जागा मिळाली. पण दर आयुधपूजेला अप्पा माझ्या लॅपटॉपपाशी थबकून विचारतात, "ह्याला नको ना गं कुंकू?" आणि चूक माझी होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.