तित्तरांचं माहेर

पहाटे आमच्या बोरी गावच्या शिवारात तित्तर ओरडतो, तेव्हा एखाद्या चिडक्या मास्तरांनी बंद दारावर छडी आपटावी तसा तो आवाज येतो. आधी दोनदा खाकरणे, मग ठाशीव ठेका, आणि शेवटी ‘उठला नाहीत अजून?’ असा जाब विचारणारा उद्घोष. वीतभर पक्षी, पण रुबाब काय! मी मात्र अंथरुणात पडल्या पडल्या हसतो. कारण, सांगू का, त्या घराण्याशी आमची सोयरीक आहे.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात शेतातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटताना गड्याच्या पायाशी तित्तरीण भुर्रकन उडाली. मागे मातीच्या खळग्यात उघडी अंडी. दिवस मावळला तरी ती फिरकली नाही, तेव्हा मी अंडी टोपीत घालून घरी आणली आणि आमच्या खुडूक कोंबडीखाली सरकवली. तिने जात, गोत, गाव काही विचारले नाही. पंख पसरले आणि बसली. माणसाला एवढे साधायला किती जन्म लागतील?

पिलं निघाली ती धुळीला पाय फुटावेत तशी! घारीची सावली पडली की जागच्या जागी अशी चपटत, की अंगण रिकामे वाटे. चुकून पायाखाली येतील म्हणून आमचे अख्खे घर पाय घासत चालू लागले. येणारा-जाणारा विचारी, “गुडघे धरले का काय समद्यांचे?”

खरे संकट होते खाण्याचे. कोंबडीने कण्या उकरून दाखवल्या, मी ज्वारी भरडून घातली. पिलं ढुंकून पाहीनात. दुसऱ्या सकाळी दोन पिलं मरून पडलेली, बाकीच्यांनी माना टाकलेल्या. माझी बायको गोदावरी माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणलीत हौसेनं, आता उपाशी मारायलात.”

इतक्यात एक पिलू धडपडत ओसरीवर आले आणि दाराच्या चौकटीवरच्या वाळवीच्या मातकट रेघेला त्याने चोच मारली. पापुद्रा निसटला. आत पांढरीशुभ्र, गुबगुबीत उधई! पिलाने मान वर केली ती भरल्या पोटीच. पाठोपाठ सगळी पंगत येऊन बसली.

आता ही चौकट म्हणजे आमच्या संसारातले जुने भांडण. उधईने तिची चाळण केलेली, आणि त्यावरून गोदावरी मला रोज ऐकवायची. शेवटी कंटाळून मी सेलूच्या सुताराला निरोप धाडला होता. तो करवत आणि औषधाचा डबा घेऊन नेमका तेव्हाच उगवला. गोदावरी हात पसरून दारात उभी.

“दादा, माघारी जा.”

“वैनी, डोक्यात पडन की चौकट.”

“पडू द्या. लेकरं जेवायलीत तिथं.”

सुताराने माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे पाहिले.

पुढे ती चाकूच्या टोकाने चौकट खरवडायची, कोंबडी लगबगीने पिलांना जेवायला हाकारायची, आणि उधई कमी पडू नये म्हणून मी चौकटीच्या बुडाशी ओले गोणपाट ठेवायचो. आपल्याच घराला वाळवी लागावी म्हणून झटणारा परभणी जिल्ह्यातला पहिला गृहस्थ मीच असेन!

पिलं वाढली, भिंतीवर चढली, छपरावर गेली, आणि एक दिवस तिथून बांधाकडे उडाली. कोंबडी अंगणात मान वर करून उभी. उकरणे तिने शिकवले होते. उडणे तिच्या शिकवणीत नव्हते.

सुतार परत आला, नवी चौकट बसली. जुनी मी जळणात टाकली, तर गोदावरीने ती उचलून बैलगाडीत घातली आणि बांधावरच्या बाभळीखाली नेऊन टाकली. मी म्हणालो, “चांगलं जळण घालवलंस.” ती म्हणाली, “लेकी कुणी मोकळ्या हातानं धाडतेत व्हय?”

त्यानंतरच्या एका पहाटे बाभळीच्या अंगाने तो आवाज आला. खाकरणे, ठेका, उद्घोष. अंगणात उकरणारी कोंबडी थबकली. पायाशी निघालेला किडा तिने खाल्ला नाही. जेवायला बोलवायच्या त्याच सुरात तिने हाक दिली, आणि त्या किड्यावर पाय ठेवून बराच वेळ वाट पाहत राहिली.