झाकण पडेपर्यंत

माझी मुलगी जपानच्या उत्तरेकडे, मोरिओका शहरात शिकते. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि सोबाची पाकिटंच जास्त. सोबा म्हणजे कुट्टूच्या, उपवासाला चालणाऱ्या त्या धान्याच्या, पिठाच्या बारीक, लांब शेवया.

"आमच्या गावात हे खायची वेगळीच रीत आहे," ती म्हणाली. मोरिओकाला ती आता 'आमचं गाव' म्हणते. "रविवारी आजोबांना खिलवते."

आजोबा म्हणजे माझे बाबा. आई गेल्यापासून ते अधारतालला आमच्याकडे राहतात. तब्येत ठणठणीत, पण जेवणावरचं मन पार उडालेलं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मी आग्रह केला की म्हणायचे, "काहून मागे लागून राहिली तू?" मग भाजी तशीच फ्रिजमध्ये जायची.

रविवारी दुपारी मुलीने बाबांना आणि माझ्या नवऱ्याला समोरासमोर बसवलं. दोघांपुढे एकेक स्टीलची वाटी, वाटीवर झाकण म्हणून ठेवायला छोटी ताटली, बाजूला मुळ्याचा कीस, तीळ आणि कांद्याची पात. विजय नगरहून आणलेल्या सोया सॉसचा पातळसर रस्सा गॅसवर उकळत होता.

"ऐका. मी एका घासापुरता सोबा वाटीत टाकणार. तुम्ही सुर्रकन ओढायचा, आवाज झाला तरी चालतो. रस्सा पिऊ नका, नाहीतर त्यानेच पोट भरेल. वाटी रिकामी झाली की मी लगेच पुन्हा टाकणार. पुरे झालं तर वाटीवर झाकण ठेवायचं. तोंडाने 'बस' म्हटलेलं चालत नाही."

"आणि झाकण ठेवायच्या आत तू टाकलंस तर?" बाबांनी विचारलं.

"तर खावं लागेल!"

बाबांनी पहिला घास शंकेनेच ओढला. दुसरा जरा जोरात. जावयाच्या वाट्या पुढे जात आहेत हे लक्षात आल्यावर तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. मुलगी मागे उभी राहून "जान जान!" म्हणत वाढत होती, तिकडे वाढताना असंच म्हणतात म्हणे. बाबांनी हळूच ताटलीकडे हात नेला की तिचा पुढचा घास त्याआधी वाटीत.

"अरे, ये तो बेईमानी है!" बाबा ओरडले. रागावले की ते हिंदीवर येतात. पण रागावले नव्हते. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायले आणि पुन्हा वाटी पुढे केली.

नवऱ्याने हार मानली. बाबांनी आणखी दोन वाट्या खाल्ल्या, नातीला "ते बघ, खिडकीत मांजर" म्हणून फसवलं आणि ताटली दाबून बसवली. मी ओट्याशी उभी होते. इतक्या महिन्यांनी त्यांना पोटभर जेवताना बघून डोळे भरून आले, म्हणून भांडी आवरायला लागले.

"तू कुठं चालली?" बाबा उठले. मुलीच्या हातातलं भांडं त्यांनी काढून घेतलं. "बस इथं. आता मी वाढतो."

तरुणपणी लग्नाच्या पंगतीत वाढायला बाबांनाच बोलवायचे, हे मी आईकडून ऐकलं होतं. आता कळलं का ते. मान वळवायची फुरसत नाही. मी ताटली उचलली की वाटी भरलेली. "बाबा, पुरे!" म्हटलं तर ऐकायचे नाहीत. "तोंडाने चालत नाही," नात मागून ओरडत होती.

शेवटी मी वाटी ओढून घेतली आणि पोटाशी धरली.

बाबा खुर्चीत टेकले, घाम पुसला. मग पाटणच्या जुन्या मित्राला फोन लावला. "पुढच्या रविवारी ये रे. जपानी जेवण आहे. हो हो, मीच वाढणार. भुकेला ये."

मुलगी दचकली. पाकिटं संपली होती.

"शेवया आपल्याकडे मिळत नाहीत काय?" बाबा म्हणाले, आणि संध्याकाळी स्वतः थैली घेऊन बाजारात गेले.