ऑर्लिनचा शिक्का

अमेरिकेत, मिसुरी नदीकाठच्या आमच्या राज्याच्या राजधानीत, सरकारी इमारतीच्या तळघरात मी चौतीस वर्षं बटाट्याचं सूप विकलं. शाळा माझी चौथीतच सुटली. पण वरच्या मजल्यावरच्या ऑर्लिन ट्वेटनचं काम मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

म्युच्युअल फंडवाल्यांना आमच्या राज्यात युनिट विकायची, तर राज्याला तसं कळवायचं. कागद आणि फी पाठवायची. राज्याने तो तपासायचा नाही, नाकारायचा तर नाहीच. ते वॉशिंग्टनचं काम. आपण फक्त ‘पोचला’ असा शिक्का मारायचा. अख्ख्या कचेरीत तो शिक्का एकट्या ऑर्लिनकडे. तरी हा बाबा प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

“अरे, कशाला डोळे फोडतोस?” मी म्हणायची.

“मावशी, त्यांनी कळवलंय. कुणाला तरी कळायला नको?”

मी त्याच्या वाडग्यात पिठाचे दोन गोळे जास्त टाकायची.

मग डेनीस हाउक नावाच्या नव्या साहेबीणबाई आल्या.

“तेवीस वर्षांत किती कागद नाकारलेत?”

“एकही नाही, मॅडम. नाकारताच येत नाही.”

“मग तुम्ही हवेत कशाला?”

झालं. जागा रद्द. पुऱ्या पेन्शनला सातच महिने उरले होते, बिचाऱ्याचे! पण हुकूम लागू व्हायला त्यावर ‘पोचला’चा शिक्का हवा, म्हणून तो ऑर्लिनच्याच टेबलावर आला. त्याने तो माझ्याकडे बसून, सूप गार करत, दोनदा वाचला.

“मावशी, याच्यासोबत फी नाही.”

“म्हणजे?”

“फीशिवाय शिक्का नाही. नियम मॅडमच्याच सहीचा आहे.”

त्याने कागद त्रुटीच्या पत्रासह परत पाठवला. बाई तणतणत खाली आल्या.

“अहो, मी तुम्हाला काढतेय! त्याची कसली फी?”

“तेच विचारलंय मॅडम, पत्रात.”

बाईंनी पर्स उघडली, तर कचेरीचे वकील म्हणाले, खासगी पैसे चालत नाहीत. कचेरीने भरावेत, तर कचेरी स्वतःकडूनच फी कशी घेणार? समिती बसली. समितीने सूप मात्र भरपूर संपवलं.

सात महिन्यांनी ऑर्लिन पुऱ्या पेन्शनवर घरी गेला. जागा रद्द झालेलीच नव्हती, म्हणून बाईंना तिथे नवी मुलगी नेमावी लागली.

ऑर्लिन त्यानंतरही दर गुरुवारी सुपाला यायचा. बाई रांगेत दिसल्या, की टोपी काढून अदबीने विचारायचा,

“मॅडम, फीचं काही झालं का?”