लेनीचं काम

लेनी आमच्या टूनगॅबीच्या घरी आली ती जुलैच्या थंडीत; पृथ्वीच्या या खालच्या बाजूला ऋतू उलटे असतात. दारात उभी, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक, डोक्यावर निळी लोकरीची टोपी, आणि पायातले बूट काढायच्या आधी तिने काहीतरी विचारलं. माझं इंग्लिश म्हणजे टीव्ही बघून आणि बसमधल्या बायकांशी बोलून जमवलेलं, त्यामुळे मी रेवाकडे, म्हणजे नातीकडे पाहिलं. रेवा म्हणाली, "आजी, ती विचारतेय, या घरात माझं काम कुठलं?"

मी म्हटलं, तिला सांग, जेवणं आणि झोपणं.

सतरा वर्षांची जर्मन मुलगी. रेवा शाळेत जर्मन शिकते, त्या ओळखीने आमच्याकडे सहा महिने राहायला आलेली. पण ही मुलगी अशा राहण्यात मुरलेली होती. तिकडे त्यांच्या चार शाळांचा एक गट होता, जर्मनी, पोलंड, स्पेन आणि ग्रीस. मुलं आळीपाळीने एकमेकांच्या घरी जाऊन राहायची. हॉटेल नाही, वसतिगृह नाही, घरच. आणि जाल त्या घरी एक रोजचं काम मागून घ्यायचं, हा नियम. पोलंडच्या घरी लेनीकडे आजोबांचा कुत्रा फिरवून आणण्याचं काम होतं. स्पेनला गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं. ग्रीसला संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडायच्या, शेजारीपाजारी येऊन बसायचे म्हणून. तिच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, युरोप काय तो मोठ्या सभागृहात तयार होत नाही, स्वयंपाकघरात होतो. लेनी हे वाक्य इतकं मनावर घेऊन बसली होती की मला तर वाटे, या पोरीला युरोप एकटीलाच बांधायला दिलाय.

पण आमच्याकडे पाहुणीच्या हाती झाडू द्यायचा? ती ताट उचलायला उठली की मी ते काढून घ्यायची. तिने कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या की मी बादलीच उचलून न्यायची. शिरा केला, पुरणपोळ्या केल्या, तिखट लागत असेल म्हणून वरण वेगळं केलं. आणि पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली.

शेवटी रेवा म्हणाली, "आजी, तिला वाटतंय ती आपल्याला आवडत नाही."

"अगं, साधा पेला उचलू देत नाही मी तिला. आणखी काय करू?"

"एक्झॅक्टली," रेवा म्हणाली.

मग मी लेनीला समोर बसवलं आणि माहेर समजावून सांगितलं. म्हटलं, आमच्यात मुलगी माहेरी आली की तिला काम सांगत नाहीत. तिने पाय पसरून बसायचं, गरम पोळी पानात येते. त्याला माया म्हणतात. रेवाने ते सगळं इंग्लिशमध्ये घातलं. लेनीने नीट ऐकलं, विचार केला, आणि विचारलं, "मग माहेरी मुलगी पाहुणीच झाली ना, आजी?"

माझ्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला विरजण लावायचं काम दिलं.

काय सांगू, घर बदललं. दूध कोमट झालं का ते करंगळीने बघायचं, चमचाभर दही घालून ढवळायचं, झाकायचं. इथल्या थंडीत पहिल्या दिवशी काही लागलं नाही, नुसतं पाणचट दूध. लेनी हिरमुसली. रात्री तिने डोक्यावरची टोपी काढली आणि सरळ पातेल्याला घातली. पोलंडच्या आजीने विणलेली टोपी, आमच्या दह्याच्या पातेल्याला अशी बसली जशी काही मापाने केलेली. सकाळी कवडीसारखं दही. तिने त्याचा फोटो सगळ्या घरांना पाठवला. ग्रीसच्या घरातल्या बाईंनी लगेच शालीत गुंडाळलेल्या त्यांच्या दह्याच्या भांड्याचा पाठवला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण त्या दिवसापासून त्या बाई मला चुलत बहिणीसारख्या वाटायला लागल्या.

माझा मुलगा मंदार दही वाढून घेताना रोज म्हणायचा, "आज कुणाच्या हातचं?" आणि लेनी हात वर करून मराठीत सांगायची, "माझं काम." तेवढे दोन शब्द तिचे स्पष्ट होते.

एकदा तिला घेऊन हॅरिस पार्कला, आपल्याकडच्या दुकानांच्या वस्तीत, गेले. मिठाईच्या दुकानातल्याने विचारलं, बेटा कुठल्या देशाची? ती म्हणाली, युरोप. तो म्हणाला, अरे पण युरोप में कहाँ? तिने बोटांवर मोजत सगळी घरं सांगितली. "बहुत घर हैं तेरे," तो म्हणाला आणि एक बर्फी जास्त घातली. परत येताना ट्रेनमध्ये ती खिडकीत बसून स्वतःशीच हसत होती. जेवताना ही गोष्ट निघाली तेव्हा मंदार म्हणाला, आमच्यात म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. रेवाने अर्थ सांगितल्यावर लेनी सगळ्यांत जास्त हसली.

मग नोव्हेंबरात तिच्या आईचा फोन आला. बराच वेळ ती मागच्या अंगणात बोलत होती. आत आली, हात धुतले, दूध तापत ठेवलं. ढवळता ढवळता म्हणाली, "आजी, आमचं घर विकलं."

आईवडील वेगळे झाले होते. आईला ऑस्ट्रियात नोकरी मिळालेली, ती निघाली. म्हणाली म्हणे, आता कुठे अंतर राहिलंय, ट्रेनने येत जा. वडलांनी दुसऱ्या शहरात दोन खोल्या घेतल्या, लेनीने शेवटचं वर्ष तिथून करायचं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तळघरातून बटाटे वर आणायचे, हे तिथलं माझं काम होतं. आता तळघरही घर घेणाऱ्यांचं."

मी मंदारला म्हटलं, राहू दे ना तिला इथेच, रेवाच्या खोलीत. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. "आई, सहा महिन्यांचा व्हिसा आहे. कार्यक्रम संपला की परत जावंच लागतं. आणि तिला आईवडील आहेत. आपण कोण?" सुनेने तिला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंनाही विचारून बघितलं. त्यांनी गोड आवाजात तेच सांगितलं. सगळे बरोबर होते, हीच तर पंचाईत. कुणाशी भांडावं तर समोर कुणीच नाही.

लेनीने पोलंडच्या घरी विचारलं, सुट्टीपुरती येऊ का? त्यांनी प्रेमाने लिहिलं, जरूर ये, पण खोली सध्या रिकामी नाही, या वर्षीचा मुलगा आलाय. तिने मला ते वाचून दाखवलं आणि फोन बंद करून म्हणाली, "कुत्रा आता तो फिरवतो."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय होतं माझ्याकडे?

निघताना विरजणाची डबी द्यायची तर विमानतळावर काढून घेतात. म्हणून मी तिला माझ्या आईची युक्ती शिकवली. विरजण नसेल तर कोमट दुधात देठासकट दोन लाल मिरच्या टाकायच्या आणि उबेत ठेवून द्यायचं. पहिलं दही बेताचंच लागतं, पण त्यातून दुसरं चांगलं होतं. मिरची काय, कुठल्याही देशात मिळते. तिने मान डोलावली आणि मला इतकी घट्ट मिठी मारली की माझ्या चष्म्याची काडी वाकली. ती अजून तशीच आहे.

महिन्याभराने तिचा फोन आला. तिकडे बर्फ होतं. मी आधी तेच विचारलं, दही लावलंस का?

"लावलं होतं, आजी. बाबांनी ओतून दिलं. नासलेल्या दुधात मिरच्या पडल्यात असं वाटलं त्यांना." मग घाईने म्हणाली, "ते वाईट नाहीत. मला काही करूच देत नाहीत. ताटसुद्धा उचलू देत नाहीत."

मी म्हटलं, मग विचार ना त्यांना, माझं काम कुठलं म्हणून. ती म्हणाली, विचारलं. ते म्हणाले, तू आराम कर.

हजारो मैलांवरून मी त्या माणसाला काय समजावणार? आणि कुठल्या तोंडाने? मी म्हटलं, तुझी टोपी इथे राहिलीय गं, पाठवते. ती म्हणाली, नको, राहू दे. मग तिने विचारलं, "आजी, तिथे माझं काम आता कोण करतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुझं काम आहे, दुसरं कोण करणार?"

खरं तर त्या दिवशीचं दही मीच लावलेलं होतं. पण एकदा बोलून बसले ना. तेव्हापासून आमच्याकडे दुकानातला प्लॅस्टिकचा डबा येतो. मंदार कुरकुरतो, आई, याला चव नाही. मला का ठाऊक नाही? परवा रेवा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, शी इज नॉट कमिंग बॅक, यू नो."

माहीत आहे, म्हटलं. पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलंय. टोपी त्याच्यावरच आहे.