डोंगरात जाणाऱ्या गाड्या

गॅरेजात दिवसभर बोल्ट सांडतात आणि किस्सेही. बोल्ट मी रोज वेचून डब्यात ठेवतो. किस्से तसेच पडून राहतात.

हुडकेश्वरला माझं गॅरेज आहे. शाळा चौथीपर्यंत. पण रस्ता नसलेल्या मुलखात मोटारसायकल न्यायची असली, की लोक ती माझ्याकडून तयार करून घेतात. या उन्हाळ्यात माझ्या मुलीची, कविताची गाडीही तिथे उभी होती. ती बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिला एकटीला स्पितीच्या डोंगरात जायचं होतं. मी गाडी तयार करत होतो, पण हो म्हटलं नव्हतं. चावी माझ्या खिशात होती.

*

दिलीप माझा वेल्डर. तीस वर्षं सोबत आहे. सदर भागातला एक दुकानदार सामानाचं कॅरिअर करून घ्यायला आला.

"भाऊ, एकदम हलकं बनवा!"

दिलीपने मानही वर केली नाही. "हलकं पाहिजे का वापस आलेलं पाहिजे?"

दुकानदाराने जाड पाइप निवडला.

*

त्याच दुकानदाराच्या गाडीला मी क्लचची दुसरी केबल चालू केबलीच्या बाजूनेच बांधून दिली. एक तुटली तर फक्त टोकं बदलायची. जंगलात टाकी खोलत बसावं लागत नाही. त्याला ते वाईट दिसलं. घरी नेऊन त्याने ती काढून टाकली.

आठ दिवसांनी कच्च्या रस्त्यावरून फोन. "काका, केबल तुटली. आता काय करू?"

"दुसरी कुठं आहे?"

"घरी."

"मग राहू द्या. तिथं चांगली दिसून राहिली असंल!"

*

एका डॉक्टरांनी गाडीवर औषधांची पेटी चढवली. मागचं चाक दबलं.

मी विचारलं, "साहेब, एवढं काहून?"

"पडलो तर लागेल ना."

दिलीप म्हणाला, "एवढं नेलं तर पडसालच!"

पेटी अर्धी झाली.

*

कविताला मी पंक्चर काढायला बसवलं. पॅच नीट बसला. टायर चढवताना तिने लोखंडी पट्टीने ट्यूब चिमटली. नवं भोक. पुन्हा खोललं, पुन्हा चिमटली. तिसऱ्यांदाही तेच. मी स्टुलावर बसून पाहत होतो.

"बाबा, चुकते कुठं ते सांगत काहून नाही?"

"तिथं मी राहीन का?"

चौथ्यांदा हवा टिकली. तिच्या बोटांची सालं निघाली होती. दिलीपने चहा आणला. तिने घेतला नाही. मीही घेतला नाही.

*

गाडी सोडण्याआधी माझी एक परीक्षा असते. टाकी फुल, सामान पूर्ण, आणि गाडी जमिनीवर आडवी. मालकाने ती एकट्याने उभी करायची. नाही जमलं, तर चावी मिळत नाही. दुकानदारानेही उभी केली, डॉक्टरांनीही केली.

कविताची सुटी दुसऱ्या दिवसापासून होती. तिची गाडी मी स्वतः आडवी केली.

तिने हँडल धरून ओढलं. गाडी गुडघ्यापर्यंत आली आणि पडली. दुसऱ्यांदा तेवढीही आली नाही.

दिलीप म्हणाला, "भाऊ, जाऊ द्या ना. पोरगी आहे."

"डोंगराले माहीत आहे का ते?"

कविताने हँडल सोडलं आणि गाडीकडे पाठ केली. खाली बसून कंबर सीटला टेकवली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने कॅरिअर. मग पायांवर जोर देत, बारीक पावलं टाकत मागे रेटत गेली. गाडी उभी राहिली.

तीस वर्षांत माझ्या गॅरेजात कोणी अशी गाडी उचलली नव्हती. मी चावी तिच्या हातात दिली.

"कोणं शिकवलं वं हे?"

"आईनं. गव्हाचं पोतं असंच पाठीवर घ्यायची ते."

तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली.

मी म्हणालो, "मले तर कधी दिसलं नाही."

कविता हेल्मेट घालत होती. "दिसंल कसं, बाबा? तुम्ही गॅरेजात राहायचे."